दोन बोटं रस

रविवारी दुपारी जेवायला आलेल्या लेआंद्रने हात धुतले, टॉवेलला पुसले आणि टेबलाकडे जाता जाता शेगडीवरच्या वाटाण्याच्या सुपाखालची ज्योत कमी केली. विचारलं नाही, पातेल्यात डोकावून पाहिलं नाही. तोंडाने तो आपल्या बसच्या नव्या ब्रेकबद्दल बोलत होता, ते कसे लहान पोरासारखे दचकतात आणि म्हाताऱ्या बायका मग त्याच्याकडे कशा बघतात ते सांगत होता, आणि हात आपला परस्पर बटणाकडे गेला, चिमटीत धरून बटण फिरवलं आणि परत आला. त्याची बहीण ओदील मिठाची डबी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. तो हे नेहमीच करायचा. तिच्या या घरात, आधीच्या घरात, तिचं लग्न टिकलं होतं तेव्हाच्या घरात, आईच्या शेवटच्या आजारपणात गावच्या स्वयंपाकघरात. सूप मग अर्धा तास उशिरा व्हायचं किंवा त्याची पाठ वळली की ती ज्योत मोठी करायची. तिला ती त्याची खोड वाटत आली होती, जशी काहींना दाराची कडी दोनदा तपासायची असते. आज मात्र त्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाचा जाडजूड, स्वच्छ हात, नखं बारीक कापलेली. तो हात भ्यायलेला होता. बहिणीच्या घरातल्या इवल्याशा निळ्या ज्योतीलाही भ्यायलेला. तिने सुपात मीठ पुन्हा घातलं. आधी घातलेलं विसरून.

"खारट झालंय," लेआंद्र म्हणाला.

"हो का?"

"चालतंय. पाव जास्त खातो."

तो जेवून गेला, तिने भांडी घासली, आणि सोमवारी कामावर मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवताना तिच्या लक्षात आलं की कालपासून आपण श्वास अर्धाच घेतोय. ती मॉंट्रियलमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं दातांच्या कवळ्या करत होती. समोर स्पिरिटचा दिवा, दिव्यावर तापवलेली बारीक सुरी, मेण. हे काम शिकायला तिला जिने बोलावलं ती कॉलेजची चिठ्ठी दोन पानांची होती, टाइप केलेली, खाली जांभळ्या शाईची सही. दुपारी टपालवाल्याने दिली तेव्हा तिने ती एप्रनच्या खिशात ठेवली होती, घरच्यांसमोर फोडायची नव्हती म्हणून. चाळीस वर्षांपूर्वी, गावी; ती सतरा वर्षांची होती, लेआंद्र एकवीसचा. मार्चअखेरचे दिवस, रात्री गारठा आणि दिवसा ऊन, मेपलच्या झाडांना लावलेल्या बादल्या दुपारपर्यंत भरून सांडत होत्या, आणि बाबांच्या खोपटात चार दिवस सलग रस आटत होता. चुलाणावर दोन काहिली होत्या, मागे मोठी आणि पुढे लहान. टाकीतला रस मागच्या काहिलीत यायचा, तिथून आटत आटत पुढच्या काहिलीत, आणि पुढे त्याचा पाक व्हायचा. मधल्या वाटेवर एक फ्लोट, पाण्याच्या टाकीत असतो तसा. पुढची पातळी उतरली की तो खाली जायचा आणि रस आत सोडायचा. लेआंद्रकडे जाळ होता, तिच्याकडे पातळी. तिने चुलीकडे बघायचं नाही, त्याने काहिलीकडे बघायचं नाही, अशी बाबांची शिस्त. "दोघांनी दोन्हीकडे बघितलं की कुणीच कुठं बघत नाही," बाबा म्हणायचे. पुढच्या काहिलीत दोन बोटं रस. दीड झाला की सावध व्हायचं, एक झाला की लाकडी डावाने फ्लोटला टिचकी मारायची, कारण रसातली बारीक रेती त्याच्या सांध्यात बसते आणि तो अडकतो. हंगामाच्या शेवटी जास्तच. हे तिला सहाव्या वर्षापासून माहीत होतं.

त्या दुपारी बाबा बाहेर टाकीपाशी होते. लेआंद्रने चूल भरली आणि तो लाकडं आणायला मागे गेला. ती पत्र घेऊन दारापाशी उजेडात गेली. एकदा वाचलं. नीट कळलं नाही म्हणून परत वाचलं. मग तिसऱ्यांदा सावकाश, आपलं नाव तिथे टाइप केलेलं बघण्यासाठी. मागून वास आला. आधी गोड, मग कडू. ती धावली तेव्हा पुढच्या काहिलीच्या तळाला काळा चट्टा पडला होता आणि तो पसरत होता. ती काहिलीकडे बघत राहिली, फ्लोटकडे बघत राहिली आणि तिच्या हातांना काही सुचेना. अशा वेळी काहील हलवायची नसते. मिळेल ते आत ओतायचं असतं, रस, पाणी, अगदी दाराबाहेरचा बर्फसुद्धा. ज्यांनी तिला हे शिकवलं ते बाबाच धावत आत आले आणि वाचवायला म्हणून त्यांनी काहिलीचे दोन्ही कान धरून ती उचलली. तळाचा सांधा उकलला, काहील कलली आणि उरलासुरला उकळता पाक त्यांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत सांडला. पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटून बसतो.

बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. गाई त्या उन्हाळ्यातच विकल्या गेल्या, कारण दूध काढायला हात नव्हता. पुढच्या वर्षी खोपट आणि झाडं काकांकडे गेली. पण तिला आठवायची ती चौथ्या दिवसाची सकाळ. बाबा बिछान्यात बसून डाव्या हाताने लापशी खात होते, थोडी हनुवटीवर सांडत होती, आणि लेआंद्र पायथ्याशी उभा होता. बाबा रागावले नव्हते. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "तुला आगीचा अंदाज नाही, बाळ." लेआंद्रने मान हलवली. त्याला पटलं होतं. आपणच चूल जास्त भरली, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता. आणि ती दाराच्या आड उभी होती. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मागे ओढलं, स्वयंपाकघरात नेलं आणि एप्रनच्या खिशातून डोकावणारं पत्र आत सरकवलं. आईला माहीत होतं. आईने घराच्या खिडकीतून तिला खोपटाच्या दारात पत्र वाचताना पाहिलं होतं. "आता सांगून हात बरा होणार आहे का?" आई कणीक मळता मळता म्हणाली. "तू जाणार आहेस. सांगितलंस तर ते तुला जाऊ द्यायचे नाहीत. तो पुरुष आहे, सोसेल."

तो सोसत राहिला. पहिल्या हिवाळ्यातच तोही गाव सोडून शहरात आला, बसच्या कामाला लागला, आणि दर रविवारी तिच्याकडे जेवायला येऊ लागला. बाबा अकरा वर्षांनी गेले. त्यांच्या दफनाच्या दिवशी तिने सांगायचं ठरवलं होतं. त्या दिवशी त्याच्या बुटात बर्फ गेला होता आणि तो पायरीवर बसून मोजा पिळत होता, म्हणून राहिलं. आई गेली तेव्हा सांगायचं ठरवलं होतं. मग वर्षं गेली की गोष्टीला साय धरते तसं झालं. तिच्या आठवणीतल्या चुलीत हळूहळू एकेक लाकूड वाढत गेलं. कदाचित जाळ खरंच जास्त असेल. कदाचित पातळी ठीक असतानाही जळलं असतं. मेणाच्या हिरडीत दात बसवताना ती या 'कदाचित'ला बारीक सुरीने आकार देत राहायची.

बुधवारी आल्देरिकचा फोन आला. काकांचा मुलगा, खोपट आता तो आणि त्याची बायको ब्लांदीन चालवत होते. तो बर्फावर घसरला होता आणि त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. शेजारी तापाने झोपलेले. "रस नुसता धो धो येतोय," तो म्हणाला. "शनिवारी एक दिवस दोघं या. आजवर कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे." तिने लेआंद्रला कळवलं. तो नाही म्हणेल असं धरूनच कळवलं, कारण तो चाळीस वर्षांत त्या खोपटात गेला नव्हता. पण त्याने निघायची वेळ विचारली. मग म्हणाला, "बादल्या वाहीन. जाळाला हात लावणार नाही, हे त्याला आधीच सांग."

शनिवारी ते पोचले तेव्हा छपरावरून वाफ निघत होती आणि आवारात चिखल आणि बर्फ एक झाले होते. खोपट तेच होतं, फक्त काहिली नव्या, स्टीलच्या. आल्देरिक पाय बाकावर टाकून खुर्चीत बसला होता आणि तोंडाने सगळं चालवत होता. ओदीलने कोट काढला, लाकडी डाव हातात घेतला आणि पुढच्या काहिलीपाशी उभी राहिली. पायांना ती जागा ठाऊक होती. वर दोरीला डुकराच्या चरबीचा तुकडा टांगलेला. रसाचा फेस चढून त्याला लागला की खाली बसायचा. ब्लांदीन जाळ घालत होती, पण तयार पाक गाळायला तिला बाजूच्या खोलीत जावं लागलं. जाता जाता तिने हातमोजे लेआंद्रच्या हातात दिले.

"मी सांगितलं होतं—" लेआंद्र म्हणाला.

"भाऊजी, पाक गाळणीत घट्ट होतोय. तुम्ही सांगितलेलं मग ऐकते."

तो चुलीसमोर उकिडवा बसला. दार उघडलं, तीन बारीक लाकडं आत ठेवली, दार लावलं. थोड्या वेळाने आणखी दोन. काहिलीतली उकळी मंदावली. कडेला नुसते बुडबुडे फुटायला लागले, आणि पाक आटायच्या ऐवजी काळपट होत तसाच बसून राहिला, कारण रस आचेवर जितका रेंगाळतो तितका काळा पडतो.

"लेआंद्र," आल्देरिक खुर्चीतून म्हणाला, "चुलीत लाकूड घालतोयस की देवळात मेणबत्ती लावतोयस?"

बाजूच्या खोलीतून ब्लांदीन हसली. लेआंद्रही थोडं हसला. कान लाल झाले होते. त्याने आणखी एक लाकूड घातलं, एकच, आणि उकळीचा आवाज ऐकत मान तिरकी करून बसला. ओदीलला त्याची मान दिसत होती. पिकलेले केस, कॉलरच्या आत गेलेली सुरकुती. तिला वाटलं, हे मी केलंय. एवढं साधं वाक्य तिच्या मनात आजवर कधी उमटलं नव्हतं. नेहमी त्याच्या पुढेमागे काहीतरी असायचं, मी लहान होते, आई म्हणाली, जाळ जास्त असेल. आता वाफेत उभं राहून तिला फक्त ती मान दिसली.

बाराच्या सुमाराला ब्लांदीन नवऱ्याला ट्रॅक्टरवर बसवून घरी जेवायला घेऊन गेली, "तासाभरात तुमचंही घेऊन येते, तोवर चूल विझवू नका म्हणजे झालं." दोघंच उरले. तिने पातळी पाहिली. दोन बोटं.

"त्या दिवशी तू लाकूड जास्त घातलं नव्हतंस," ती म्हणाली.

लेआंद्र वळला नाही. "कुठल्या दिवशी?" तो म्हणाला, पण ते विचारणं नव्हतं.

"फ्लोट अडकला होता. मी दारात पत्र वाचत उभी होते. काहिलीत रसच नव्हता. मी बघितलंच नाही."

चुलीत एक लाकूड तडकलं. तो हातमोज्यावरची राख झटकत राहिला.

"किती वेळ?"

"तीनदा वाचलं. दोन पानी होतं."

"पातळी बघ," तो म्हणाला.

तिने बघितली. डोळ्यांत पाणी असल्याने तिला नीट दिसेना, म्हणून डावाचा दांडा आत बुडवून मोजली. "दोन," ती म्हणाली.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"आईला?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही, आणि तेवढ्यात त्याला ते मिळालं. तो उठला. दार उघडून बाहेर गेला. खिडकीतून ती त्याला बघत होती. तो लाकडांच्या ढिगापाशी उभा होता, झाडांकडे तोंड करून, हात लोंबते सोडून. उकळी अगदी बसली. तिला वाटलं आता तो गाडीत बसेल आणि जाईल, आणि तो गेला तर आपण इथे काय करायचं याचा ती विचार करू लागली, आणि असा विचार करता येतो याची तिला लाज वाटली. पण तो परत आला. दोन्ही हातांत लाकडं होती, मनगटाएवढी चिरलेली, सुकी. गुडघ्यावर बसून त्याने चुलीचं एक दार उघडलं, आडवीउभी रचून अर्धी चूल भरली, लावलं. दुसरं उघडलं, भरलं, लावलं. श्वास रोखून करावं तसं भराभर, पण एकही लाकूड आपटलं नाही. क्षणभर सगळं शांत होतं. मग चुलीने आवाज धरला, आणि काहिलीच्या मधोमध उकळी उसळून वर आली, पसरली, दोन्ही काहिली गदगदू लागल्या. फेस चरबीला लागून खाली बसला. फ्लोट खाली गेला, रस आत आला, फ्लोट वर आला. तिने पातळी पाहिली. ती हलत नव्हती. त्या दिवशी त्याने चूल नेमकी अशीच भरली होती. ती तेव्हा शेजारीच उभी होती, तिने पाहिलं होतं. अर्धी चूल, आडवीउभी. एक लाकूडही जास्त नव्हतं.

"कोलोंबचं तुला आठवतं?" चुलीकडे बघतच लेआंद्र म्हणाला.

तिला दोनदा पाहिलेली एक मुलगी आठवली, चीजच्या कारखान्यात काम करणारी, पांढऱ्या टोपीतली. "तुमचं जमलं नाही ना."

"जमलं होतं. शहरात आलो त्याच वर्षी. भाड्याचं घरही बघितलं होतं आम्ही. मग मीच नाही म्हटलं. बापाचा हात ज्याच्याने गेला, त्याच्या चुलीपाशी कुणाची पोर आणून कशाला बसवायची, असं वाटलं."

मग तो जाळच बघत राहिला. ठरावीक वेळाने दारं उघडायची, भरायची, लावायची. तिने डावावर पाक घेऊन तिरका धरला, तो थेंब थेंब न पडता काठावर पातळ पडद्यासारखा लोंबला. तिने तोटी उघडली. फिकट सोनेरी पाक बादलीत पडू लागला. असा पाक त्या सकाळी एकदाही उतरला नव्हता. दीडच्या सुमाराला ब्लांदीन जेवणाचा डबा घेऊन आली, मागून आल्देरिक कुबड्यांवर. तिने चमच्याने पाक चाखला, नवऱ्याला चाखवला.

"जाळ कुणी घातला?" आल्देरिकने विचारलं.

"यानेच," ओदील म्हणाली.

"अरे मग इतकी वर्षं कुठं दडून बसला होतास?"

"बस चालवत होतो," लेआंद्र म्हणाला आणि हातमोजे काढून त्याने ते जोडीने बाकावर ठेवले.

परतीच्या वाटेवर दोन तास त्याने गाडी चालवली. तिने दोनदा त्याचं नाव घेतलं, दुसऱ्यांदा तो म्हणाला, "आत्ता नको, ओदील." रागाने नाही. तिच्या दारापाशी त्याने तिला उतरवलं आणि ती आत जाईपर्यंत थांबला, नेहमीसारखा. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही. तिने फोन केला तर तो उचलायचा, बरा आहे म्हणायचा, हवेचं बोलायचा. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट आता तिला झोपेतून मध्येच जाग यायला लागली आणि त्याने न जगलेलं घर दिसायला लागलं, भाड्याचं, दोन खोल्यांचं, खिडकीत कुणाचेतरी लहान मोजे वाळत घातलेले. तिने हे त्याच्याकडून काढून घेतलं होतं हे एक. आणि आपण निष्काळजी होतो म्हणून असं जगलो, एवढं एक कारण त्याच्यापाशी होतं, तेही तिने आता काढून घेतलं होतं. चाळीस वर्षं त्याने त्या कारणाला टेकून काढली होती. कोणतं जास्त वाईट हे तिला ठरवता येईना. कामावर तिने एका म्हाताऱ्याची कवळी दोनदा चुकवली.

मे महिन्यात, एका संध्याकाळी, त्याचा फोन आला. उजेड अजून होता. खाली अंगणात शेजारी खुर्च्या मांडून बसले होते.

"कोलोंबला फोन केला होता," लेआंद्र म्हणाला. "गावातून नंबर मिळवला. नवरा वारलाय तिचा. दोन मुली आहेत."

"काय म्हणाली?"

"ओळखलं तिने. तिला एका कानाने ऐकू येत नव्हतं, तुला माहीत नसेल. लहानपणी ताप आला होता. ती लपवायची. मी कधी मनावर घेतलं नव्हतं, पण ती लपवायची. तिला इतकी वर्षं वाटत होतं, मी त्यासाठी नाही म्हटलं."

ओदीलने खुर्ची ओढून घेतली.

"मी म्हटलं, तसं नव्हतं. मग कसं होतं, म्हणाली. मी सांगायला लागलो तर मला येईना. आपल्या आईचं कसं सांगायचं. तुझं कसं सांगायचं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "ते तू सांग. ते तुझं आहे. मी तिला म्हटलंय, बहीण फोन करेल. लिहून घे."

तिने वर्तमानपत्राच्या कडेला आकडे लिहून घेतले.

"आणि रविवारी..." ती म्हणाली.

"रविवारचं आत्ता सांगत नाही," लेआंद्र म्हणाला. "आधी तिला फोन कर."

त्याने ठेवून दिला. ती त्या आकड्यांकडे बघत बसली. उद्या करावा असं वाटलं, आणि ते वाटणं तिला चांगलंच ओळखीचं होतं. म्हणून तिने लगेच आकडे फिरवले. तिकडे बराच वेळ घंटा वाजली. मग एका बाईचा आवाज आला, म्हातारा आणि सौम्य. ओदीलने आपलं नाव सांगितलं, लेआंद्रची बहीण म्हणून सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक निघाला की तिचा तिलाच ऐकू आला नाही.

"जरा मोठ्याने बोला हं," ती बाई म्हणाली. "मला आता दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं."

खिडकी उघडी होती. खालचे लोक बोलत होते, कुणीतरी पत्ते वाटत होतं. ओदीलने खिडकी लावायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"त्या दिवशी काहिलीकडे मी बघायला हवं होतं," ती मोठ्याने म्हणाली. खाली अंगणातली बडबड थांबली. "लेआंद्रने नाही. मी."

"अजून थोडं मोठ्याने," कोलोंब म्हणाली, "आणि सावकाश सांगा. मला घाई नाही."